मशीनला जेवढं दिसलं तेवढंच बोलायला लावणारे वेंकोबराव

आणि हे मला कुणीतरी समजावून सांगा, की ज्या माणसाच्या खांद्यावर रविवारी शाल घालायची, त्याच माणसाचे शब्द सोमवारी सकाळी मशीनमधून खरवडून काढायचे, ही कुठली रीत? वेंकोबरावांच्या गौरवसमितीतल्या तिघांना मी विचारलं. एक म्हणाले, "अक्का, दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत." दुसरे म्हणाले, "लेखात हे नको, शोभत नाही." तिसऱ्यांनी घड्याळ पाहिलं. वेगळ्या आहेत तर कशा वेगळ्या, ते एकानेही सांगितलं नाही. त्यांना वाटलं मी चिडले आहे. चिडले आहेच. पण त्याहून जास्त गोंधळले आहे.

समितीने मला गौरवग्रंथासाठी लेख कसा लिहायचा ते सांगितलं होतं. आधी पहिली ओळख, मग काम, मग स्वभाव, शेवटी दीर्घायुष्य. सरी, म्हणजे बरं, तसंच लिहिते. मी कानडी शाळेत तिसरीपर्यंत गेलेली बाई. मराठी आमच्या घरची, पण वाचायला आली ती आजोबांच्या पोथ्यांवरून. तेव्हा मोठाले शब्द माझ्याकडे नाहीत. वेंकोबरावांना ते आवडतही नाहीत.

माझे यजमान इथे बेंगळूरच्या कारखान्यात होते. ते गेल्यावर त्यांच्या जागी मला घेतलं आणि कार्डांच्या खोलीत पाठवलं. तेव्हा हे मोठं मशीन आलं नव्हतं. जाड कागदाच्या कार्डांना भोकं पाडून त्यावरून भांडारातल्या सुट्या भागांचा हिशोब ठेवायचा, एवढंच चाले. वेंकोबराव त्या खोलीचे प्रमुख. काळी टोपी, बटणं गळ्यापर्यंत लावलेला कोट, आणि बोलणं इतकं हळू की समोरच्याला वाटावं हे मधेच थांबले. पहिल्या दिवशी त्यांनी मला एक पेटी दाखवली आणि विचारलं, "ह्यावर काय लिहिलंय अक्का?"

मी म्हटलं, "इंग्रजी आहे. मला येत नाही."

"आत काय असेल?"

"मला काय ठाऊक? उघडून बघा."

मला वाटलं, झालं, गेली नोकरी. त्यांनी पेटी उघडून दाखवली. आत भांडारातून आलेली, अजून न मोजलेली कार्डं होती. "ह्याला तुम्ही काय म्हणाल?" मी म्हटलं, "आलेली." त्यांनी पेटीवरची चिठ्ठी नखाने काढली आणि कानडीत 'आलेली' असं लिहून चिकटवलं. शेजारच्या पेटीवर 'झालेली'. खोलीतले एक साहेब हसले, म्हणाले, "राव, हा बालवर्ग आहे का?" वेंकोबराव म्हणाले, "पेट्या उचलणार ह्या. तुम्ही उचलणार असाल तर इंग्रजीत लिहितो." त्या साहेबांनी पेटी काही उचलली नाही.

पुढे काही वर्षांनी मोठं मशीन आलं, एक खोलीभर. त्याला कामं सांगायची तर हुकूम लिहावे लागतात, आणि ते एकट्याचं काम नाही. चार-पाच इंजिनियर बसत. एकाने कार्डं वाचायचा तुकडा लिहायचा, दुसऱ्याने बेरजेचा, तिसऱ्याने कागदावर छापायचा. प्रत्येक तुकड्याला नाव द्यावं लागे, कारण एकाचा तुकडा दुसऱ्याने बोलवायचा तर कुठल्या नावाने बोलवणार? नाव इंग्रजी अक्षरांत आणि सहा अक्षरांच्या आत, मशीन त्याहून लांब नाव घेत नसे. आता ही शिकलेली पोरं. कुणी आपल्या गावाचं नाव दिलं, कुणी नटीचं. आमचे मूर्ती म्हणून होते, म्हैसूरकडचे, स्वभावाने गरीब. त्यांनी बेरजेच्या तुकड्याचं नाव ठेवलं ललिता.

वेंकोबरावांची एक पद्धत होती. चहा आला की नवीन नावं मोठ्याने वाचायची आणि मला विचारायचं, "अक्का, हे काय करत असेल?" मला मशीनचं काही कळत नाही, म्हणूनच मला विचारायचं. मी बरोबर सांगितलं तर नाव राहिलं. मी चुकले तर नाव चुकलं. मला ह्याचा भयंकर कंटाळा यायचा, चहा निवून जायचा. त्या दिवशी त्यांनी विचारलं, "ललिता काय करते?"

मी म्हटलं, "लग्न करते. मूर्तींशी. वैशाखात."

खोली हसून हसून लोळली. मूर्ती लाल झाले, मान खाली घालून म्हणाले, "अक्का, तुम्हाला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, "तुमच्या मशीनने. काल कागदावर छापून आलं, ललिता अडकली. मग सगळे विचारायला लागले कुठे अडकली, कोणाबरोबर." त्याच दिवशी त्या तुकड्याचं नाव बदलून 'बेरीज' अशा अर्थाचं कानडी नाव झालं. लग्नात मात्र वेंकोबरावांनी ललिताबाईंना सांगितलं, "तुमच्या नावाने आमचं भांडार बरेच दिवस चाललं." त्या खूष झाल्या. मूर्तींना घाम फुटला होता.

पण नावाने नुसतं हसू होत नाही. ह्याच मूर्तींनी सगळ्यात पहिल्या, कार्डं वाचायच्या तुकड्याला नाव दिलं होतं गणेश. आरंभी गणपती, ह्यात काय चुकलं? मलाही ते आवडलं होतं. मग एकदा वरून हुकूम आला की कार्डं वाचायच्या आधी तारीख तपासायची. म्हणजे तारखेचा तुकडा गणेशच्या आधी हवा. हुकूमही कार्डांवरच असत; त्यांचा गठ्ठा मशीनमध्ये लावायचा तर तारखेचं कार्ड गणेशच्या कार्डाच्या पुढे ठेवायला हवं. तसं कुणी ठेवीना. मूर्ती ठेवीनात, ते समजतं. दुसरे इंजिनियर फर्नांडिस तर ख्रिस्ती, त्यांना काय अडचण होती? पण तेही म्हणाले, "तुमच्या देवाच्या पुढे मी कशाला जाऊ?" आणि तारखेचं कार्ड गुपचूप गणेशच्या मागे गेलं. सगळ्यांना वाटलं स्वल्प इकडचं तिकडे, काय बिघडतं. मशीनने सगळी कार्डं आधी वाचून टाकली, मग तारीख पाहिली; मागच्या महिन्याची उचल पुन्हा एकदा वजा झाली. भांडारात स्क्रूंची पोती रचलेली, आणि कागद सांगतो एकही स्क्रू नाही. जोडणीच्या विभागातले लोक हात बांधून बसले, भांडारवाले आमच्या खोलीत येऊन भांडले.

वेंकोबरावांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. कुणावर ओरडले नाहीत. गणेशचं कार्ड काढलं, त्याला हात जोडले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि मूर्तींना म्हणाले, "उद्या एक तसबीर घेऊन या. गणपती भिंतीवर राहील, तिथे त्याच्या पुढे कुणी जाणार नाही. मशीनमध्ये कामाचं नाव राहील. कामाच्या मागेपुढे करायला कुणाला भीती वाटता कामा नये." दुसऱ्या दिवशी तसबीर लागली. नव्या तुकड्याचं नाव 'तारीख', इंग्रजीत बरोब्बर सहा अक्षरं. हा शब्द कानडी माणसाला, मला आणि फर्नांडिसना सारखाच कळतो. हे ठरायला त्यांना किती दिवस लागले ते विचारू नका. मी म्हटलं होतं, "अण्णा, पोराचं बारसं एका सकाळी उरकतं हो! ठेवा काहीतरी." ते म्हणाले, "पोराला मोठं झाल्यावर स्वतःबद्दल सांगता येतं, अक्का. ह्याला येत नाही."

तेव्हा मला ते उगीच वाटलं. आताही थोडं वाटतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला बसले ती. मशीन अडलं की कागदावर ओळ छापतं. तुकडा अडला तर त्याचं नाव यायचं, पण कार्डांसाठी आधी फर्नांडिसनी लिहिलेली एकच ओळ होती. काहीही बिघडलं तरी छापायचं, 'ऑपरेटरची चूक'. ऑपरेटर म्हणजे मेरी, आमच्या खोलीत कार्डांना भोकं पाडणारी मुलगी. घरात आजारी वडील आणि कमावणारी ती एकटी. पावसाळ्यात बेंगळूरची हवा दमट, कार्डं फुगायची, मशीनमध्ये अडकायची, आणि छापून यायचं मेरीची चूक. वर साहेबांकडे कागद जायचा, साहेब मेमो द्यायचे. दोन मेमो झाले. तिसऱ्याला घरी. मेरी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "अक्का, मी नीट केलं होतं. पण मशीन म्हणतंय म्हणजे मी केली असेल का चूक?" तिचाच तिच्यावरचा विश्वास उडाला होता.

मी वेंकोबरावांना जाऊन सांगितलं. त्यांनी फर्नांडिसना बोलावलं. ते संभाषण मला पाठ आहे.

"मशीनने मेरीला पाहिलं का?"

"नाही सर."

"मग काय पाहिलं?"

"कार्ड आत गेलं नाही, एवढंच."

"मग तेवढंच बोलू दे. न पाहिलेल्या माणसाचं नाव आपणसुद्धा घेत नाही."

फर्नांडिस माणूस चांगला. म्हणाले, "सर, मला वाटलं काहीतरी छापायला हवं." वेंकोबराव म्हणाले, "हवंच. पण वाचणारा कागद हातात घेऊन उभा असतो, त्याला पुढे काय करायचं ते हवं असतं. दोष देऊन कार्ड सरकत नाही." मग त्यांनी बसून एकेक ओळ लिहून काढली. अक्षरं इंग्रजी, भाषा आमच्या खोलीतली कानडी. मराठीत सांगायचं तर अशी: 'ह्या कार्डावर महिना नाही. कार्ड काढा, महिना पंच करा, परत घाला.' किंवा, 'कार्ड आत जात नाही. फुगलं असेल. सुकवून बघा.' मला ती इंग्रजी अक्षरं त्यांनीच शिकवली, एकेक करून, चहाच्याच वेळात. आणि जिथे मशीनला काहीच उमगत नाही, तिथे त्यांनी छापायला लावलं, 'मला कळलं नाही. वेंकोबरावांना विचारा.'

त्या ओळीमुळे त्यांना जेवताना उठावं लागे. एकदा तर ते देवळातून परत आले. पण ती ओळ त्यांनी काढली नाही. मेरीला तिसरा मेमो आला नाही. फुगलेली कार्डं ती आता जाळीच्या पेटीत दिव्याजवळ ठेवते, कुणाला विचारायलाही जात नाही.

स्वभावाबद्दल लिहायचं तर माझ्या सासूबाईंची गोष्ट सांगते. त्यांना इस्पितळातून दोन बाटल्या मिळाल्या, दोन्ही तांबड्या पाण्याच्या, दोन्हीवर इंग्रजी. एक रोजची, एक फक्त दुखलं तर. मी खोलीत सहज बोलले. संध्याकाळच्या बसने वेंकोबराव आमच्या घरी हजर. त्यांनी एका बाटलीच्या गळ्याला लाल दोरा बांधला आणि सासूबाईंना म्हणाले, "अम्मा, दोरा आहे ती रोज जेवल्यावर. आता तुम्ही मला सांगा."

सासूबाई म्हणाल्या, "मी काय पोर आहे का रे, पाठ म्हणून दाखवायला?"

"मी सांगितलेलं कळण्यासारखं होतं की नाही, ते मला बघायचंय."

"कळलं बाबा! दोऱ्याची जेवल्यावर. बिनदोऱ्याची, तुझ्यासारखं कुणी डोकं दुखवलं की."

वेंकोबराव खो खो हसले. असे हसताना त्यांना फार कुणी पाहिलेलं नाही. आता घरचंही सांगते, नाहीतर देव करून ठेवाल. त्यांच्या घरी बसवनगुडीला गेलं की त्यांच्या पत्नी सावित्रीअक्का म्हणतात, "साऱ्या कारखान्याला नावं लावून ठेवली, पण माझ्या स्वयंपाकघरात मीठ कुठे आहे ते ह्यांना सांगता येत नाही. विचारलं तर म्हणतात, डब्यावर लिहिलेलं नाही." तेही खरंच आहे. ते हट्टी आहेत, हळू आहेत, आणि एका शब्दासाठी चार माणसांचा चहा निववतात.

आता ह्यांची साठी झाली, ते निवृत्त होणार. नवे साहेब आले, श्री. परचुरे, पुण्याचे. माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाही. समारंभाचे अध्यक्ष तेच आहेत, शाल त्यांच्याच हातून. आणि नोटीसही त्यांच्याच सहीची, की समारंभानंतरच्या सोमवारपासून मशीन शब्द छापणार नाही, नुसता आकडा छापेल. त्या आकड्याचा अर्थ एका जाड इंग्रजी पुस्तकात, आणि ते पुस्तक साहेबांच्या कपाटात. गेल्या आठवड्यात एक दिवस तशी चाचणी घेतली. कागदावर आलं, एकतीस. मेरी कागद घेऊन साहेबांच्या खोलीकडे गेली. साहेब मीटिंगला, कपाटाला कुलूप. ती दाराशी उभी राहिली, मशीन थांबलं, भांडाराचा कागद उशिरा गेला. आणि मेमो कुणाला आला? मेरीला. आधीचे दोन अजून फायलीत आहेत. हा तिसरा धरायचा की नाही, ते साहेब सोमवारनंतर ठरवणार आहेत.

मी परचुरेसाहेबांकडे गेले. त्यांनी मला खुर्ची दिली, हे सांगायला हवं.

ते म्हणाले, "बाई, हा भावनेचा प्रश्न नाही, जागेचा आहे. मशीनच्या मेमरीत जागा मोजकी असते. शब्दांना जास्त जागा लागते. शिवाय मुंबईच्या ऑफिसात तुमची ही कानडी कुणाला वाचता येणार? आकडा सगळीकडे सारखा."

मला ते पटलं. जिना उतरेपर्यंत पटत होतं. मग मी परत वर गेले.

"साहेब, गौरवग्रंथ किती पानांचा?"

"असेल दोनशे पानांचा."

"त्यात ह्यांच्या ह्याच शब्दांचं कौतुक आहे ना? तुमचाही लेख आहे."

"आहे. का?"

"म्हणजे तिथे जागा आहे."

साहेब म्हणाले, "ते वेगळं, बाई." पुन्हा वेगळं! मी विचारलं, "मुंबईच्या ऑफिसातून कुणी येऊन आमची कार्डं सुकवणार आहे का?" त्यावर ते म्हणाले, "बघू." बघू म्हणजे हो की नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

मग मी वेंकोबरावांनाच विचारलं. म्हटलं, "अण्णा, तुमचे शब्द काढतायत. तुम्ही काहीच कसं बोलत नाही?"

ते म्हणाले, "बिडी अक्का," म्हणजे कानडीत सोडा, "जाऊ द्या. मशीन त्यांचं."

"आणि शब्द?"

"शब्द माझे कुठले? चहाला बसून तुम्ही सगळ्यांनी दिलेत. मी लिहून घेतले."

त्यांना वाईट वाटलं की नाही, मला सांगता येणार नाही. चेहऱ्यावरून त्यांचं कधी काही कळत नाही. की त्यांना आकडेच बरे वाटतात? तेही असेल. ते म्हणाले त्यात राग नव्हता, पण त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली, दोनदा. मी घरी येऊन बराच वेळ विचार केला. शब्द त्यांचे नाहीत, आमचे आहेत, असं ते स्वतः म्हणतात. मग काढण्याआधी आम्हाला का विचारलं नाही? त्यांना विचारलं असेल तर ते चुकीच्या माणसाला विचारलं. आणि कुणालाच विचारलं नसेल, तर हा दोनशे पानांचा खटाटोप आपण कशासाठी करतोय? मी पुष्कळ डोकं खाजवलं. मला खरंच कळत नाही.

वेंकोबरावांना माझ्यासारख्या बाईने काय आशीर्वाद द्यायचे! ते माझ्याहून मोठे आहेत. तुळजाभवानीजवळ एवढंच मागते की त्यांचे गुडघे दुखू नयेत, सावित्रीअक्कांच्या हातचं जेवण त्यांना पुष्कळ वर्षं मिळावं, आणि जेवताना त्यांना कुणी उठवू नये. तरीही कुणी विचारायला गेलंच तर ते उठतील, हे मला माहीत आहे. त्यांना उदंड आयुष्य लाभो, आणि त्यात आराम जरा जास्त असो.

आता समितीला आणि अध्यक्षांना. हा ग्रंथ शनिवारी छापखान्यात जाणार आहे, समारंभ त्यानंतर महिन्याने. मला शुक्रवारी संध्याकाळी कारखान्याचा भोंगा होण्याच्या आत उत्तर हवं, ह्या लेखाबद्दल नव्हे, त्या ओळींबद्दल. लेख छापा, न छापा. ओळी ठेवणार असाल तर हो म्हणा. ठेवणार नसाल तर नाही म्हणा, का नाही ते मला कळेल असं सांगा, आणि समारंभानंतरच्या सोमवारी सकाळी कागदावर एकतीस आलं की मेरीने काय करायचं, तेही सांगा.

तुळसाबाई जाधव
कार्ड विभाग